रिमोटवाल्या सुनंदाबाई

सुनंदाबाई बिरादार यांना मूर्ख माणसं सोसत नसत, आणि त्यांच्या मते हैदराबादेत ती मुबलक होती. त्यातही ज्यांच्या घरात सिनेमा बघायला वेगळी खोली असते, त्यांच्यात तर पीकच आलेलं. अशा माणसांशी गेली बावीस वर्षं त्यांचा रोजचा संबंध होता, त्यामुळे हे मत अनुभवातून आलेलं होतं असं म्हणायला हरकत नाही.

नारायणगुड्यात हिम्मतराव मोऱ्यांचं दुकान आहे. मोठ्या घरांमध्ये पडदा, प्रोजेक्टर, स्पीकर, एसी असं सगळं बसवून द्यायचं, हा धंदा. एवढं सामान बसलं की घरात सात-आठ रिमोट होतात आणि मालकाला एकही वापरता येत नाही. मग दुकानातून एकच मोठा रिमोट देतात. त्याचं एक बटन दाबलं की पडदा खाली, दिवे मंद, प्रोजेक्टर चालू, आवाज बेताचा. लोकांना वाटतं रिमोट हुशार आहे. रिमोटला काडीची अक्कल नसते. त्याच्यामागे एक फाइल असते. कुठल्या बटनाने कुठल्या यंत्राला कुठली खूण पाठवायची, आधी कोणाला, मग कोणाला, मधे किती क्षण थांबायचं, हे सगळं त्या फायलीत ओळीओळीने लिहिलेलं असतं. प्रत्येक घराची फाइल वेगळी. अशी दोनशे चौदा घरं होती आणि दोनशे चौदा फायली सुनंदाबाईंच्या हातच्या होत्या.

हे काम त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. दुकानात त्या फोन घ्यायला लागल्या होत्या. पहिला असा रिमोट आला तेव्हा तो जमवून देणारा इंजिनिअर आठच दिवसांत दुसरीकडे गेला. हिम्मतराव डोक्याला हात लावून बसले. सुनंदाबाईंनी कॉम्प्युटरवर ती फाइल उघडली, दोन तास वाचली आणि म्हणाल्या, "अक्षरंच तर हैत की. यात काय मोठं?" तेव्हापासून ते काम त्यांचं झालं.

घरोघरी जाऊन त्यांनी जे पाहिलं, त्यातून त्यांचा स्वभाव आणखी धारदार झाला. बंजारा हिल्सच्या एका बिल्डरच्या घरी आवाज येत नाही म्हणून तीनदा बोलावणं आलं. तिन्ही वेळा त्याची बायको एसीच्या रिमोटवरचं गारवा वाढवायचं बटन दाबून टीव्हीचा आवाज वाढवत होती आणि खोलीत हुडहुडी भरली होती. त्याच बिल्डरला मोठ्या रिमोटवर 'रोमँटिक' नावाचं बटन हवं होतं.

"दाबलं की काय व्हायला पाहिजे?" सुनंदाबाईंनी विचारलं.

त्याने बायकोकडे पाहिलं. बायको फोनमध्ये पाहत होती. "लाइट कम कर दो, अम्मा," तो म्हणाला.

सुनंदाबाईंनी ते बटन करून दिलं, त्यात दिव्यांबरोबर एसीसुद्धा चार अंश चढवून ठेवला, आणि का चढवला ते कोणाला सांगितलं नाही. त्यांच्या सगळ्याच फायलींचं असं होतं. आत आकडे बिनचूक, पण कारण कुठेही लिहिलेलं नाही. हिम्मतराव कधी म्हणालेच की बाई, जरा टिपणं ठेवा, तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "ज्याला कळतं त्याला सांगावं लागत नाही. ज्याला कळत नाही त्याला सांगून फायदा नाही."

अशात तीन वर्षांपूर्वी दुकानात अभिजीत आला. मूळचा पुण्याचा, हैदराबादेत एका मोठ्या कंपनीत होता, ती नोकरी सोडून हिम्मतरावांबरोबर भागीदारीत उतरला. वय एकोणतीस. बोलणं स्वच्छ, कपडे स्वच्छ, टेबलसुद्धा स्वच्छ. पहिल्याच दिवशी सुनंदाबाईंनी त्याला विचारलं, "चहा प्यायलास का, का पिऊन आलायस?" तो हसून म्हणाला, "ताई, 'पितोयस का' म्हणायचंय ना तुम्हाला?"

त्यांचं माहेर मूळ उदगीरकडचं, जन्म इथला. त्यांच्या मराठीत करतोयसचं करायलास, जातोयसचं जायलास असंच असायचं, अन् मधूनच हो-नकोच्या जागी हौ आणि नक्को. आजवर ते कोणाला खुपलं नव्हतं. सुनंदाबाईंनी त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि मनातल्या यादीत त्याचं नाव चढवलं. यादी कसली ते सांगायला नको.

अभिजीतने दोनशे चौदा फायली बघितल्या आणि त्याला घाम फुटला. एका घरात पडद्याला तीन सेकंद, दुसऱ्यात अकरा. एकीकडे आवाजाचं बटन मुद्दाम अर्धं मेलेलं. एका फायलीत एकच खूण सलग दोनदा.

"ताई, हे सगळं असं का आहे?"

"तसं पाहिजे म्हणून."

"पण का पाहिजे?"

"त्या घरी जा, कळंल."

तो घरी गेला नाही. त्याने आपल्या पद्धतीने सफाई केली. सगळ्या फायली एका नव्या व्यवस्थेत घेतल्या, नवा साचा केला, 'अनावश्यक फरक' काढून टाकले, सगळीकडे रिमोट बनवणाऱ्या कंपनीने शिफारस केलेले आकडे भरले. आता दुकानात बसून एक कळ दाबून सगळ्या घरांच्या रिमोटमध्ये नवीन फाइल पाठवता येणार होती. हिम्मतरावांना हे फार आवडलं. सुनंदाबाईंनी काय करावं? सरळ भांडायला हवं होतं. पण त्या भांडल्या नाहीत. जुन्या सगळ्या फायली एका पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या, तो पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकला आणि गप्प राहिल्या. माणूस आपल्या हाताने खड्ड्यात उतरत असेल, तर त्याला शिडी कशाला द्या, असा त्यांचा विचार.

एप्रिलमधल्या एका रविवारी अभिजीतने कळ दाबली. सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीपासून फोन वाजत होता.

हिमायतनगरच्या एका डेंटिस्टने घरातल्या दवाखान्यात पेशंटसाठी टीव्ही लावला तर पडदा उतरून खुर्चीतल्या बाईच्या तोंडावर आला. जुबिली हिल्सला एकाचा प्रोजेक्टर तापलेला असतानाच बंद व्हायला लागला, कारण त्याला थंड होऊ देणारी चार मिनिटं 'अनावश्यक' ठरली होती. बिल्डरचा फोन तर तीनदा आला. 'रोमँटिक' दाबलं की आता सगळे दिवे भक्क लागत होते आणि एसी सोळावर जात होता.

अभिजीत दोन्ही कानांना फोन लावून बसला होता. सुनंदाबाईंनी चहा मागवला, खुर्ची जरा मागे सरकवली आणि तो सावकाश प्यायल्या. खरं सांगायचं तर बावीस वर्षांत इतका चांगला सोमवार त्यांना आठवत नव्हता. दुपारी हिम्मतराव हात जोडून म्हणाले, "बाई, तुमच्याकडे जुन्या असतील ना?"

"हैत की," त्या म्हणाल्या आणि मुद्दाम थोडा वेळ लावून पर्स उघडली.

पण जुनी फाइल नव्या व्यवस्थेत जशीच्या तशी बसेना. एकेक घर हाताने बदलावं लागत होतं. एका घराला पाऊण तास. मग हिम्मतरावांनी ठरवलं, जो जास्त ओरडेल त्याचं आधी. बिल्डर पहिला, डेंटिस्ट दुसरा, असं करत आठवडा चालला. सुनंदाबाई काम करत होत्या आणि मधूनमधून अभिजीतकडे बघून म्हणत, "तीन सेकंद का, अकरा का, कळायलंय का आता?" तो मान खाली घालून टाइप करत असे.

शनिवारी यादीवर बोट फिरवताना त्यांचं बोट एका नावावर थांबलं. सावित्रीबाई देशमुख, नारायणगुडा. या घरून एकही फोन आला नव्हता.

सावित्रीबाई म्हणजे सुनंदाबाईंच्या शाळेतल्या गणिताच्या बाई. दुकानापासून दोन गल्ल्यांवर राहत. आता एक्याऐंशीच्या होत्या आणि पाच वर्षांपासून कंपवाताने त्यांचे हात थरथरत. जगात सुनंदाबाई ज्यांना मूर्ख म्हणत नसत अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजावी लागली असती, आणि त्यातलं पहिलं बोट बाईंचं. वर्षापूर्वी बाईंची सून माधवी दुकानात आली होती. म्हणाली, "आईंना पंख्याचा रिमोट दाबता येत नाही. बोट थरथरतं, बटन तीनदा दाबलं जातं. पंखा लागतो, बंद होतो, परत लागतो. त्यांना फार राग येतो."

तेव्हा सुनंदाबाई स्वतः गेल्या होत्या. चार मोठ्या बटनांचा रिमोट दिला: पंखा, दिवा, टीव्ही आणि स्वयंपाकघरात वाजणारी घंटा. फायलीत एक ओळ घातली, की बटन एकदा दाबलं गेलं की पुढचा काही वेळ त्याच बटनाकडे लक्ष द्यायचं नाही. किती वेळ, हे ठरवायला एक अख्खी दुपार गेली. अर्धा सेकंद पुरला नाही. एक सेकंद पुरला नाही. बाई दाबत होत्या, सुनंदाबाई आकडा बदलत होत्या, माधवी पंख्याकडे बघत होती. शेवटी एक पूर्णांक आठ दशांश सेकंदांवर पंखा एकदाच लागला आणि लागलेलाच राहिला. बाई म्हणाल्या होत्या, "शाब्बास."

अभिजीतच्या सफाईत तिथे सेकंदाचा पाचवा हिस्सा आला होता. कंपनीची शिफारस.

सुनंदाबाईंनी माधवीला फोन लावला.

"आई झोपल्यात," माधवी म्हणाली. "हल्ली दिवसभर झोपूनच असतात. डॉक्टरांनी गोळी वाढवलीय ना."

"का वाढवली?"

"सोमवारपासून हात एकदम बिघडला. रिमोट चालवता येईना. पंखा दहादा चालू-बंद. घंटा दाबली की एकदम पाच-सहा वेळा वाजायची, मी घाबरून पळत यायचे. दोन दिवस प्रयत्न केला त्यांनी, मग म्हणाल्या, गेला माझा हात आता, अन् रिमोट कपाटात ठेवायला लावला. बुधवारी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी डोस वाढवला. तेव्हापासून गुंगीतच आहेत, काल बाथरूममध्ये तोल गेला. पडल्या नाहीत, नशीब."

सुनंदाबाईंनी दुसऱ्या हाताने लॅपटॉप पिशवीत टाकला. "माधवी, ती वाढवलेली गोळी आज द्यायच्या आधी डॉक्टरला फोन कर," त्या म्हणाल्या. "त्यांना सांग, हात बिघडला नव्हता, रिमोट बिघडला होता. मी यायलेय."

त्या उठल्या आणि अभिजीतला म्हणाल्या, "चल."

"कुठे?"

"चल म्हटलं की चल."

बाईंच्या खोलीत पंखा भिंतीवरच्या बटनावर चालू होता. बाई पलंगावर बसवलेल्या होत्या, डोळे अर्धवट. सुनंदाबाईंनी कपाटातून रिमोट काढला, लॅपटॉप उघडला, जुनी ओळ परत घातली. मग रिमोट बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो घेतला नाही.

"नको, सुनंदा. उगाच हसं व्हायचं."

"दाबा तर, बाई."

बाईंनी दाबलं. बोट थरथरलं, बटन तीन-चारदा आत गेलं. पंखा एकदाच बंद झाला. पुन्हा दाबलं. एकदाच चालू झाला. बाईंनी वर पात्यांकडे बघितलं.

"म्हणजे हात तसाच आहे?"

"हात होता तसाच है. आमची फाइल बदलली होती."

बाईंचे डोळे पूर्ण उघडले. "म्हणजे सहा दिवस मी या हाताला शिव्या घालत होते, मनात मरणाची तयारी करत होते, गोळ्या गिळत होते, आणि चूक तुमची?"

"माझी नाही, बाई. या पोराने सगळं पुसून टाकलं," सुनंदाबाईंनी दाराशी उभ्या अभिजीतकडे बोट केलं. "न विचारता, न बघता."

अभिजीत पुढे आला. त्याचा चेहरा उतरला होता, पण आवाज स्पष्ट होता. "चूक माझीच आहे, आजी. मी बघायला यायला हवं होतं. पण त्या फायलीत नुसता आकडा होता. कोणासाठी, का, काही लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं तर ताई म्हणाल्या, तसं पाहिजे म्हणून."

बाईंनी मान हळूहळू सुनंदाबाईंकडे वळवली. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी फळ्यासमोरून वळवायच्या तशी.

"खरंय का?"

"हौ."

"उत्तर लिहिलंस, रीत लिहिली नाहीस. किती मार्क?"

सुनंदाबाई त्रेपन्न वर्षांच्या होत्या. दोन पोरांची लग्नं केलेली बाई. तरी त्यांना उत्तर द्यावंच लागलं. "अर्धे."

"आणि तुला माहीत होतं ना, हा पुसणार आहे म्हणून?"

सोमवारचा तो चहा सुनंदाबाईंना आठवला. मागे सरकवलेली खुर्ची आठवली. फोन वाजत असताना हा पंखा इथे चालू-बंद होत होता, आणि बाई स्वतःच्या बोटाकडे बघून हाय खात होत्या. बाकीचे दोनशे तेरा लोक गेले खड्ड्यात, ते काही मरत नव्हते. पण या घराचा आकडा त्यांनी स्वतः दुपारभर बसून काढला होता, आणि पर्समध्ये पेनड्राइव्ह असताना सहा दिवस त्यांना इथे यावंसं वाटलं नव्हतं, कारण त्यांना दुसऱ्याची फजिती बघायची होती.

"चहा टाक गं माधवी," बाई म्हणाल्या. "या मुलालाही दे. खरं बोलला." मग अभिजीतला म्हणाल्या, "आणि तू. न वाचता खोडरबर घेऊन बसणाऱ्याला मी वर्गाबाहेर उभं करायचे."

"हो, आजी."

गोळी सोमवारी पुन्हा मूळ मापावर आली. गुंगी उतरायला आठ दिवस गेले.

त्यानंतर सुनंदाबाईंनी टिपणं लिहायला घेतली. चांगले तीन महिने लिहीत होत्या. हे त्यांनी आनंदाने केलं असं कोणी समजू नये. दात-ओठ खाऊन केलं. प्रत्येक घराच्या फायलीबरोबर एक पान: काय केलं, का केलं, कोणासाठी. मराठीत, आणि स्वतःच्या मराठीत. अभिजीत ती पानं व्यवस्थेत चढवत असे. एकदा तो त्यांच्या टेबलाशी आला.

"ताई, हे असंच ठेवायचं?" त्याने वाचून दाखवलं. "'आवाजाचं बटन मुद्दाम अर्धं मारून ठेवलंय. साहेब बहिरे नाहीत, हट्टी हैत. शेजारी पोलिसात जायला निघाले होते.'"

"खरंय ते."

"आणि हे? 'एसी चार अंश चढवलाय. ही बाई एसीचा रिमोट घेऊन टीव्हीचा आवाज वाढवायली. अक्कल वाढवायचं बटन कंपनीने दिलेलं नाही.'"

"रीत लिहा म्हटल्या बाई. ही रीत है."

अभिजीत हसला आणि ते तसंच चढवलं. पुढे तो कधी त्यांच्या 'करायलास'च्या वाटेला गेला नाही. सुनंदाबाईंनी त्याला यादीतून काढलं असं नाही; पण चहा आता त्या त्याला न विचारता मागवत.

दीड वर्षाने तो बेंगळुरूला गेला. त्याच्या जागी केतकी आली. इथेच दिलसुखनगरला वाढलेली, मराठी बोलायला फर्डी, वाचायला बोंब. अक्षर अक्षर जोडत वाचायची. सुनंदाबाईंनी पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं, की ही पोरगी टिकणार नाही.

गेल्या फेब्रुवारीत भाच्याच्या लग्नाला सुनंदाबाई उदगीरला गेल्या, पाच दिवस. जाताना फोन पूर्ण चार्ज करून घेतला, कारण केतकी तासातासाला फोन करणार याची त्यांना खात्री होती. हळदीला फोन वाजला नाही. लग्नाला वाजला नाही. जेवणाच्या पंगतीत त्यांनी दोनदा काढून बघितला, रेंज आहे की नाही. रेंज चांगली होती. परतीच्या गाडीत त्यांनी फोन पुन्हा काढून बघितला. नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" म्हणाल्या, "काही नाही. लोकांना गरज राहिली नाही कोणाची."

दुकानात शिरल्या शिरल्या त्यांनी विचारलं, "काही झालं नाही का पाच दिवसांत?"

"झालं ना," केतकी म्हणाली. "ते बंजारा हिल्सवाले. त्यांनी नवीन एसी घेतला, ते बटन चालेना. मी तुमचं पान वाचलं. म्हणजे अर्धं मला लागलंच नाही, मग फोटो काढून माझ्या आजीला पाठवला. ती इतकी हसली, मावशी! पण कळलं मला, चार अंश का ठेवलेत ते. नवीन एसीलाही तसंच केलं. आणि खाली लिहून ठेवलंय."

सुनंदाबाईंनी पर्स टेबलावर ठेवली, चष्मा लावला आणि पान उघडलं. त्यांच्या मजकुराखाली केतकीची दोन वाक्यं होती. नवा एसी, तारीख, काय बदललं. कारणापुढे लिहिलं होतं, "मालकिण अजून शिकली नाही."

त्यांनी ते दोनदा वाचलं.

"'मालकीण'मधला 'की' दीर्घ असतो. तू ऱ्हस्व लिहिलायस," त्या म्हणाल्या.

"बदलू?"

"बदल. बाकीचं राहू दे." मग खुर्ची ओढत म्हणाल्या, "आणि आता मला सांग, त्या एसीची खूण तुला सापडली कुठून? उगंच अंदाजाने टाकलीस का काय करायलीस?"

केतकी सांगायला लागली.